दुसऱ्या मजल्यावरचा पंच

माणसाला शत्रू असावा, पण साडू जवळ राहायला येऊ नये. शत्रूशी भांडता येतं, बोलणं टाकता येतं, रस्त्यात दिसला तर पलीकडच्या फुटपाथवरून जाता येतं. साडूच्या घरी जेवायला जावं लागतं, आणि जेवण झाल्यावर त्याने घेतलेलं नवीन कपाट उघडून बघावं लागतं. त्यात दोन बहिणी एकत्र बसल्या की दोन नवऱ्यांची परीक्षा सुरू होते, आणि निकाल आपल्याला कोणी कळवत नाही. तो आपण भाजीच्या तिखटावरून ओळखायचा.

पंचसाहेबांचा साडू क इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला आला, तिथून सगळं सुरू झालं. पंचसाहेब स्वतः अ इमारतीत, मधल्या मैदानाच्या बरोबर पलीकडे. विमा कंपनीत आलेले दावे खरे की खोटे हे तपासायची त्यांची नोकरी होती, पण वसाहतीत त्यांना हुद्द्याने कोणी ओळखत नव्हतं. चार इमारतींची दर वर्षी फुटबॉलची स्पर्धा व्हायची आणि तिची शिट्टी पंचसाहेबांच्या गळ्यात असायची. आता खेळाडू म्हणजे कोण, तर पोट सुटलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले गृहस्थ. अर्ध्या वेळेला गोळ्या घ्यायचे. पण शिट्टी वाजली की हे सगळे गृहस्थ जागच्या जागी थांबायचे, आणि कचेरीत ज्याच्या सांगण्यावरून पंखासुद्धा कोणी बंद करत नाही अशा माणसाला त्याचं किती अप्रूप असतं, हे तुम्हाआम्हाला कळायचं नाही.

पहिल्याच सामन्यात चेंडू गोलच्या लोखंडी पाइपाला लागून खाली आपटला. आत की बाहेर? पंचसाहेब म्हणाले, बाहेर. ड इमारतीच्या लोकांनी आरडाओरडा केला. पंचसाहेबांनी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. इतकी वर्षं गप्प बसूनच तर मान मिळाला होता. पण त्या दिवशी काय अवदसा आठवली कोण जाणे, छाती पुढे काढून ते म्हणाले, "असेल हिंमत तर कॅमेरा लावा! शंभर वेळा बघा. मीच बरोबर निघेन!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. क इमारतीच्या बाल्कनीतून आवाज आला, "साडूभाऊ, मी सहज चित्रण करत होतो. नवीन कॅमेरा आहे. बघायचं का?"

बघितलं. सगळ्यांनी बघितलं. चेंडू रेषेच्या इतका आत होता की मध्ये एक पाट मांडून माणूस जेवला असता. ड इमारतीला गोल मिळाला, साडूला टाळ्या मिळाल्या आणि पंचसाहेबांना घरी बायकोकडून एक वाक्य मिळालं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "काही म्हणा, पण किती शांतपणे सांगितलं हो त्यांनी. आवाजसुद्धा चढवला नाही."

पंचसाहेबांच्या पोटात जे दुखायला लागलं ते तिथून. "बाल्कनीत बसून आवाज कशाला चढेल?" ते म्हणाले. "पळायला कुठे लागतं! उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!" बायको लाटतच राहिली. पोळी मात्र करपली, आणि ती त्यांच्याच ताटात आली.

लगेच समितीची बैठक बोलावली गेली. चेअरमन हे बॉयलर तपासणी खात्यातून निवृत्त झालेले, जाड भिंगांचे गृहस्थ. त्यांना कुठल्याही गोष्टीत स्फोटाची शक्यता आधी दिसायची. ते म्हणाले, "व्हिडिओ ठेवू या, पण मर्यादेत. फक्त ढळढळीत चूक असेल तर बघायचं."

"ढळढळीत म्हणजे कुठली?" दंतवैद्यांनी विचारलं. हे ब इमारतीचे गोलकीपर.

"जी मलासुद्धा दिसते ती," चेअरमन म्हणाले, आणि हे सगळ्यांना पटलं.

"पण हळू गतीत दाखवायचं का?" कोणी तरी विचारलं. यावर तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की चेंडू कुठे होता ते हळू गतीत बघावं, पण कोणी कोणाला पाडलं ते साध्या गतीतच बघावं, कारण हळू गतीत खांद्यावर ठेवलेला हातसुद्धा गळा दाबल्यासारखा दिसतो. हा मुद्दा साडूने मांडला होता. मुद्दा बरोबर होता, म्हणूनच पंचसाहेबांना तो जास्त झोंबला. अंतिम सामन्यात मात्र पंचाने स्वतः वर येऊन पडदा बघावा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये, असंही ठरलं. तोही साडूचाच मुद्दा. "शेवटचा शब्द मैदानावरच्या माणसाचा हवा," तो म्हणाला. एखाद्याचा द्वेष करायला बसावं आणि त्याने आपल्याच बाजूने बोलावं, याच्यासारखा वैताग नाही.

आता कॅमेरा लावायचा कुठे? वसाहतीच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं की बाल्कनीबाहेर वाळत घातलेल्या कपड्यांखेरीज काहीही लटकवता येणार नाही. नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभा, सभा घ्यायची तर नोटीस, नोटीस काढायची तर सेक्रेटरी, आणि सेक्रेटरी मुलीकडे परगावी गेलेले. तेव्हा चेअरमननी तोड काढली: कॅमेऱ्याला लोकरी मोजा घालावा आणि चिमट्यांनी कपड्यांच्या काठीला अडकवावा. मोजा वाळत घालायला कोणाची हरकत असणार? मोज्याच्या चवड्याला भोक पाडून तिथून भिंग बाहेर काढलं. निर्णय कळवायचा तोही कपड्यांनीच. काठीवर हिरवा टॉवेल आला तर पंचाचा निर्णय कायम, लाल काही आलं तर रद्द.

पुढे काय व्हायचं ते झालं. एका सामन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी चादर वाळत घातली, ती वाऱ्याने खाली लोंबली, आणि पूर्वार्धाचं सगळं चित्रण म्हणजे नुसती जांभळी फुलं. त्या फुलांत दोन वेळा चेंडूसारखं काहीतरी हललं, त्यावरून दंतवैद्य आणि ड इमारतीचा कर्णधार अजून बोलत नाहीत. दुसऱ्या सामन्यात पंचसाहेबांच्या मेहुणीने, म्हणजे साडूच्या बायकोने, नवऱ्याचा लाल शर्ट धुवून काठीवर टाकला आणि मैदानावरचा एक शुद्ध, निष्पाप गोल रद्द झाला. साडू त्या वेळी आंघोळीला गेला होता.

ऑफसाइडची तर तऱ्हाच न्यारी. बचाव करणाऱ्यांच्या पुढे कोण गेलाय ते बघायला साडू पडद्यावर सुतळी ताणून धरायचा. अ इमारतीचा बँक मॅनेजर त्या सुतळीच्या पुढे निघाला तो पोटाने. पाय मागे, डोकं मागे, पोट पुढे. पोट धरायचं का नाही? समितीचं मत पडलं की पोटाने गोल करता येतो, सबब पोट धरायचं. त्या दिवसापासून वसाहतीतला एकही गृहस्थ ऑनसाइड सापडेना.

पण पंचसाहेबांना याचं काही वाटत नव्हतं. उलट प्रत्येक घोटाळ्याला ते मनातल्या मनात पेढे वाटत होते. त्यांचं दुखणं वेगळं होतं. आता शिट्टी वाजली की लोक त्यांच्याकडे बघत नसत, वर बघत. गोल झाला की गोल करणारा उडी मारायला हात वर करायचा आणि तसाच थांबायचा, मान क इमारतीकडे. हिरवा टॉवेल आला की मग उडी मारायचा, पण तोवर उडी शिळी झालेली असायची. बाकावरच्या आज्याही विचारायच्या, "मंजूर झाला का?" आणि विचारायच्या कुणाला, तर बाल्कनीला. पंचसाहेब तिथेच, त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर, घामाने निथळत उभे असायचे.

हे घरातही शिरलं. एकदा ते म्हणाले, "मी गॅस बंद केला होता." बायको हसून म्हणाली, "धाकटीच्या नवऱ्याला विचारू का? त्यांच्या मोज्यात आलं असेल." थट्टाच ती. पण जळत्या माणसाला थट्टा कळत नाही, त्याला फक्त नाव ऐकू येतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं, साडूच्या चुका शोधून काढायच्या. जो माणूस दुसऱ्याच्या चुका पकडतो त्याच्या चुका कोण पकडणार? "अभ्यासाला हवंय," असं सांगून त्यांनी मागच्या सामन्याचं चित्रण मागितलं. साडूने ते हसत दिलं, वर म्हणाला, "तुमच्यासारखी जिज्ञासा पाहिजे, साडूभाऊ." पंचसाहेब दात ओठ खात घरी आले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत, समोर एका जळालेल्या गोदामाच्या दाव्याची फाइल उघडी ठेवून त्यांनी संगणकावर ते चित्रण लावलं. आवाज नव्हता. आवाजासकट पहिलं चित्रण झालं तेव्हा त्यात वसाहतीतल्या प्रतिष्ठित लोकांच्या तोंडून असं काही निघालं होतं की समितीने आवाज बंद ठेवायचा ठरावच केला होता. साडूची चूक शोधायला त्यांनी गती कमी केली. आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, प्रेक्षकांत, त्यांना बायको दिसली.

ती मैदानाकडे बघत नव्हती. वर बघत होती. सरळ बाल्कनीकडे. चेहरा उजळलेला, डोळे मोठे झालेले, आणि तोंड हळूहळू, कळी उमलावी तसं उघडत चाललेलं. मग हात वर गेला. डाव्या हाताने तिने केस मागे सारले. पंचसाहेबांनी गती आणखी कमी केली. हसू आणखी रुंद झालं. आणखी कमी केली. आता ते हसू संपेचना! लग्नाच्या फोटोतसुद्धा ती एवढं हसली नव्हती. फोटोवाल्याने सांगून सांगून दात दाखवले होते तिने.

शेजारच्या टेबलावरचा रोखपाल डबा घेऊन मागे आला होता. त्यांचा चेहरा बघून त्याने विचारलं, "काय झालं? दावा खोटा निघाला?"

"कोणता?" पंचसाहेब दचकून म्हणाले.

"गोदामाचा हो."

"सगळेच खोटे निघतायत," पंचसाहेब म्हणाले, आणि डबा न उघडताच उठले. वीस वर्षं दावे तपासून त्यांना एक गोष्ट पक्की कळली होती, की भरभर बघितलं तर अपघात दिसतो आणि सावकाश बघितलं तर कट दिसतो. साध्या गतीत बघावं हा समितीचा ठराव होता खरा, पण तो फुटबॉलपुरता. बायकोला तो लागू आहे असं कुठे लिहिलं होतं?

संध्याकाळी त्यांनी अगदी सहज, भाजी निवडत बसल्यासारखं विचारलं, "रविवारी फार वर बघावं लागतं नाही? मान दुखत नाही का तुझी?"

"दुखते ना!" बायको म्हणाली. "बरं झालं आठवण केलीत. बाम आणा."

त्यांनी बाम आणला. बायकोने दुसऱ्या पुरुषाकडे बघून दुखवून घेतलेल्या मानेला स्वतःच्या हाताने बाम चोळायची पाळी ज्याच्यावर आली त्याच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार करा. चोळता चोळता त्यांचा हात जरा जोरातच फिरला. "अहो, मान आहे ती, कणीक नाही," बायको म्हणाली.

मग त्यांनी मनाशी म्हटलं, असं तर असं. नवीन काळा शर्ट शिवून घेतला. गुडघ्यापर्यंत मोजे आणले. उपांत्य सामन्याच्या सकाळी दार लावून केसांना कलप लावला. दिसलेही तरुण, निदान पूर्वार्धात. मग ऊन चढलं, घाम सुटला, आणि कलप कानामागून ओघळत गालावर आला. त्यांना वाटलं घामच आहे, म्हणून त्यांनी तो तोंडभर पुसला. प्रेक्षक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा त्यांना आधी बरं वाटलं. साडूने वरून हाक मारली, "साडूभाऊ, काही लागलंय का? डॉक्टरांना पाठवू?" आता ही काळजी होती का टोमणा? काळजीच होती, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं.

उपांत्य सामन्यानंतर चेअरमननी त्यांना बाजूला घेतलं. ते खांद्यावर हात ठेवून बोलले म्हणजे काही तरी स्फोटक असणार हे ओळखावं. "हे बघा," ते म्हणाले, "राग मानू नका. समितीत विचार चाललाय. पुढच्या वर्षीपासून मुख्य पंच वर बसेल. शिट्टीही वरूनच वाजेल, भोंग्यातून. खाली एक माणूस लागेल, चेंडू आणून द्यायला वगैरे. तुम्ही अनुभवी आहात. अंतिम सामना बघू, मग ठरवू."

चेंडू आणून द्यायला! पंचसाहेब घरी आले ते जेवलेच नाहीत. शिट्टी गेली तर गेली असं एकदा मनाला समजावलं. पण शिट्टी जाणार कुठे? त्याच्या गळ्यात. आणि मग ही बाई मान वर करून आयुष्यभर त्या बाल्कनीकडे बघणार आणि आपण खाली चेंडू गोळा करत फिरणार. अंतिम सामन्यात एकही चूक करायची नाही, अशी त्यांनी शपथ घेतली. मेलं तरी चालेल, पण टॉवेल हिरवाच आला पाहिजे.

अंतिम सामना अ विरुद्ध ब. सगळी वसाहत खाली लोटली. पंचसाहेब त्या दिवशी असे पळाले की बाकावरच्या आज्या म्हणाल्या, ह्याला कोणी तरी पाणी द्या. एकदाही टॉवेल बदलला नाही. शून्य शून्य. शेवटची काही मिनिटं राहिली होती. तेवढ्यात बँक मॅनेजर चेंडू घेऊन गोलजवळ शिरला, दंतवैद्य आडवे झाले, मॅनेजर धप्पकन पडला, आणि पंचसाहेबांनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. पेनल्टी!

ब इमारत खवळली. "आपल्या इमारतीला देतोस काय! अ इमारतीत राहतोस म्हणून!" दंतवैद्य तर आडवेच राहिले, म्हणाले, मी शिवलोसुद्धा नाही. सगळ्या माना वर गेल्या. काठीवर कुठलाच टॉवेल आला नाही. साडू कठड्यावरून वाकून म्हणाला, "साडूभाऊ, अंतिम सामना आहे. नियमाप्रमाणे तुम्हीच वर येऊन बघा."

साडूच्या घराची पायरी चढायची नाही असं त्यांनी बरेच दिवस ठरवलेलं. पण नियम तो नियम. लिफ्ट दुरुस्तीला. पायऱ्या चढून वर गेले तर दारात मेहुणी उभी. "या या, भावोजी! किती दिवसांनी! पण बूट तेवढे बाहेर हं, आत्ताच फरशी पुसलीय."

आता जगातल्या कुठल्या पंचाला पडदा बघायला जाताना बूट काढावे लागत असतील? नाडीला चिखल लागून गाठ घट्ट बसलेली. ती दाताने सोडवली. खालून शिट्ट्या आणि आरोळ्या. आत आले तर मेहुणीने पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी प्यायले. "बसा ना. उभ्या उभ्या काय बघायचं? चहा टाकलाय."

"अगं, सामना चाललाय," पंचसाहेब म्हणाले.

"सामना कुठे पळून जातोय? तुम्ही इथे आहात म्हणजे तो थांबलेलाच आहे की," मेहुणी म्हणाली. ते बसले. साडूने त्यांच्या हातात रिमोट दिला. "मी बोलणार नाही, साडूभाऊ. माझं मत नको. तुम्ही बघा, तुम्ही ठरवा. मी लोकांना शांत करतो," असं म्हणून तो बाल्कनीत गेला आणि त्याने मागचं दार ओढून घेतलं.

पंचसाहेबांनी चित्र मागे नेलं. मॅनेजर उठून उभा राहिला, चेंडू त्याच्या पायाशी परत आला, आणि कोपऱ्यात, नेमकी त्याच जागी, बायको. पुन्हा वर बघत होती. पुन्हा तेच उघडलेलं तोंड, तोच वर गेलेला हात. शिट्टी, पेनल्टी, दंतवैद्य, सगळं त्यांच्या डोक्यातून गेलं. त्यांनी चित्र तिथेच थांबवलं आणि बघत बसले.

मेहुणी चहा घेऊन आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई! ताईचा राग बघा!"

"राग?" पंचसाहेब म्हणाले. "हसतेय ती."

"हसतेय? भावोजी, चष्मा बदला. दर रविवारी हेच, खाली गलक्यात तुम्हाला ऐकू येत नसेल. तुमच्या निर्णयावर ह्यांनी नुसता टॉवेल हातात घेतला की ताई खालून सुरू! 'टॉवेल आत घ्या! माझ्या नवऱ्याने शिट्टी मारली म्हणजे मारली! वर बसून शहाणपणा शिकवू नका, खाली येऊन पळून दाखवा!' हे बिचारे कानात कापूस घालून बसतात. मान मोडेपर्यंत भांडते माझी बहीण. मीच परवा म्हटलं, अगं, जरा हळू, घसा बसेल."

पंचसाहेबांनी रिमोट उचलला. त्यांनी चित्र साध्या गतीत लावलं. आणि काय सांगावं! ते उमलणारं तोंड, ते चमकणारे डोळे, तो केसांवरचा हात, सगळं एका झटक्यात झालं आणि पडद्यावर एक चिडलेली, पदर खोचलेली, मूठ नाचवणारी बाई उभी राहिली. ओठांवरचे शब्दसुद्धा कळत होते. माझ्या नवऱ्याने. माझ्या नवऱ्याने! त्यांनी चित्र मागे नेलं, परत लावलं. परत मागे नेलं. चहा पीत पीत परत लावलं. खाली लोक टाळ्यांचा ठेका धरून ओरडत होते, कोणी तरी डबा वाजवत होतं, आणि पंचसाहेब आपल्या बायकोला भांडताना बघत होते. लग्न झाल्यापासून तिच्याकडे इतका वेळ त्यांनी कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते चहाच्या वाफेने, असं ते मेहुणीला म्हणाले.

बाल्कनीचं दार वाजलं. "झालं का हो, साडूभाऊ? चेअरमन वर यायला निघालेत."

"झालं, झालं!" पंचसाहेब उठले, घाईत बाहेर आले, दारातल्या कुठल्या तरी चपला पायात सरकवल्या आणि दोन दोन पायऱ्या एकदम उतरले. मैदानावर पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की पायात साडूच्या घरच्या मऊ सपाता आहेत. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. मॅनेजरला दंतवैद्याचा पाय लागला की नाही, हे त्यांनी बघितलंच नव्हतं.

"बोला!" चेअरमन म्हणाले. "काय निर्णय?"

पंचसाहेब सपातांकडे बघत उभे. परत वर जाऊन बघून येतो असं म्हणायची सोय नव्हती, लोकांनी फाडून खाल्लं असतं. काय करावं? त्यांची नजर रेषेपलीकडे गेली. बायको कमरेवर हात ठेवून उभी होती आणि त्यांच्याकडे, वर नव्हे, त्यांच्याचकडे बघत होती. तिने क्षणभर त्यांचा चेहरा वाचला आणि मग सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो, नव्हती पेनल्टी! सांगून टाका की! चुकलं तर चुकलं, त्यात लाजायचं काय?"

तिने बघितलंय म्हणजे बघितलंय. या घटकेला त्या बाईच्या शब्दापुढे कॅमेरा काय, समिती काय, त्यांना सगळं जग कचरा होतं. पंचसाहेबांनी दोन्ही हात आडवे फिरवले. "पेनल्टी रद्द!" आणि पुढचा आरडाओरडा व्हायच्या आत चेंडू दंतवैद्यांच्या हातात देऊन शिट्टी वाजवली. दंतवैद्यांनी आनंदाच्या भरात चेंडूला अशी लाथ घातली की तो सगळं मैदान ओलांडून, एक टप्पा घेऊन, अ इमारतीच्या गोलात शिरला. अ इमारतीचा गोलकीपर त्या वेळी पेनल्टी बघायला मध्यावर आला होता.

तेवढ्यात बाल्कनीतून, दोन्ही हातांनी हिरवा टॉवेल झेंड्यासारखा नाचवत, साडू जिवाच्या आकांताने ओरडत होता. "साडूभाऊ! अहो, पेनल्टी होती! ढळढळीत होती! घोट्यावर लाथ आहे! तुमचंच बरोबर होतं! तुम्हीच बरोबर होतात!"

पण खेळ सुरू झाला की मागे जाता येत नाही, हा नियम. ब इमारतीने चषक नेला. अ इमारतीचे लोक पंचसाहेबांशी आजतागायत लिफ्टमध्ये बोलत नाहीत. चेअरमन मात्र भारावून गेले होते. "काय माणूस आहे!" ते समितीला म्हणाले. "स्वतःची इमारत, स्वतःचा निर्णय, वर पुरावासुद्धा स्वतःच्या बाजूने, तरी विरुद्ध निकाल दिला! असा निःपक्षपाती पंच शोधून सापडायचा नाही. शिट्टी ह्यांच्याकडेच राहील." फक्त एक नवीन नियम झाला, की यापुढे पंच पडदा बघायला गेला तर त्याच्यासोबत दोन जणांनी जावं आणि तो नक्की काय बघतोय त्यावर लक्ष ठेवावं.

घरी आल्यावर बायकोने तोंड उघडलं. "तुमचंच बरोबर होतं, मग माझं कशाला ऐकलंत?"

"तू बघितलंस ना, पेनल्टी नव्हती ते?"

"मी कुठे बघितलं? माझ्यासमोर चेअरमनचं डोकं होतं. तुमचा पडलेला चेहरा बघितला, म्हटलं वर फजिती झालेली दिसतेय, आणि सांगायला जीभ रेटत नाहीये. म्हणून मीच बोलून टाकलं. तुम्हाला एकट्याला बोलायला लागू नये. पण मग एवढा वेळ वर बसून बघत काय होतात?"

पंचसाहेबांनी खोटं बोलायचा विचार केला. पण आज जमेना. "तुला," ते म्हणाले.

"मला?"

"खाली उभी राहून त्याच्याशी भांडत होतीस ना, ते. परत परत लावून बघितलं."

"आणि पेनल्टी?"

"ती राहिली."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हसायला लागली, इतकी की तिला खुर्ची धरून बसावं लागलं. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले आणि त्यांच्या पाठीवर एक चापट मारली. पंचसाहेब खुशीत येऊन तिच्या शेजारी बसले. इतकं बरं त्यांना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चषक गेला, इमारत रुसली, तरी काही बिघडलं नव्हतं.

समोर बाल्कनीत साडू काठीवरून मोजा काढून घेत होता. बायको उठून खिडकीशी गेली. तिने हात हलवला. "काही म्हणा हं," ती म्हणाली, "मी एवढं टाकून बोलले दर रविवारी, पण मनात काही ठेवलं नाही माणसाने. तुमचं बरोबर होतं ते सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. दुसरा असता तर गप्प बसून मजा बघितली असती. खरंच, मन मोठं आहे." आणि ती हसली. या वेळी भांडत नव्हती. हसतच होती, अगदी साध्या गतीत.

पंचसाहेब उठले, तिच्या खांद्यावरून हात पुढे घालून त्यांनी खिडकी लावून घेतली आणि कडीही घातली.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं.

"डास येतात," पंचसाहेब म्हणाले.